बापूंच्या टाकीतली शेवाय

इरा आणि निहार,

मागच्या रविवारी फोनवर माझ्या मागे बापूंची टाकी दिसली आणि निहारने विचारलं, "आजी, ते आजोबा मासे पाळतात की गवत?" मी हसून विषय बदलला, कारण मला दम लागला होता आणि हातात बादली होती. पण प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर फोनवर देता येत नाही. नेट अडकतं, आणि तुमची आई मध्येच बीपीच्या गोळीची चौकशी करते. म्हणून लिहिते. आता लिहिलं नाही तर पुढे सगळं क्रमाने आठवेल याची खात्री नाही, आणि मला गोष्टी क्रमाने लागतात हे तुम्हाला माहीत आहे.

बापू दर रविवारी सकाळी दिवाणखान्यात निंदणी करतात.

निंदणी म्हणजे शेतातलं तण खुरप्याने काढणं. बापूंकडे खुरपं नाही, जुना टूथब्रश आहे. डोक्याला पंचा बांधतात, पायजमा गुडघ्यापर्यंत खोचतात, शेजारी घमेलं ठेवतात आणि उजवा हात खांद्यापर्यंत टाकीत घालतात. मग दगडांना चिकटलेले हिरवे केस उपटून उपटून घमेल्यात टाकत राहतात. त्या वेळी कुणी बोललेलं चालत नाही. मी दारात दिसले की मान न वळवता म्हणतात, "वहिनी, आज निंदणी शे. चहा मंग." आमच्या बोलीत शे म्हणजे आहे.

टाकी खाऱ्या पाण्याची आहे. तुम्ही पर्थला राहता, तुमच्याकडे समुद्र सायकलवर जाण्याइतका जवळ आहे. शहाद्यापासून समुद्र कुठे आहे हे नकाशात बघा. आमच्याकडे पाणी म्हणजे तापी, कालवा आणि बोअर. चहूकडे केळी, कापूस आणि ऊस. अशा गावात बापू मिठाची गोणी सुरतेहून मागवतात, बादलीत समुद्र कालवतात आणि काचेत भरतात.

हे बापू म्हणजे आमच्या भिंतीपलीकडचे शेजारी, तुमच्या आजोबांचे मित्र. घराणं कोरीट गावचं, शेतीवालं. मोठे भाऊ दगाभाऊ अजून तिथे केळी आणि कापूस करतात. बापू मात्र शाळेपासूनच शेतात वाकायला तयार नव्हते. रसायनशास्त्र शिकले आणि साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. उसाच्या रसात साखर किती, हे बघण्यात त्यांची नोकरी गेली. दगाभाऊ बाजाराला आले की टाकीसमोर खुर्ची घेऊन बसतात आणि दरवेळी तेच बोलतात, की जन्मभर शेतात बोलावलं तेव्हा हा आला नाही आणि आता घरात बसून निंदतो आहे. "सारी उमर याले सांगं, वावरमा ये, निंदाले मानूस भेटत नही. तवय उना नही. आते देखा वहिनी, घरमा बठीसन निंदी ऱ्हायना."

बापू रागावत नाहीत. ते फक्त म्हणतात, "भो, तुन्हा वावरमा रिकव्हरी नही."

ही रिकव्हरी म्हणजे उसातून शेवटी हाताशी आलेली साखर. कारखाना सुटला, पण हा शब्द सुटला नाही. लग्नातलं जेवण पाहून बापू म्हणतात, "पदार्थ गंज, रिकव्हरी कमी." गंज म्हणजे पुष्कळ. एखादा माणूस फार बोलून काहीच सांगत नसेल तर त्याचीही रिकव्हरी कमी. तुमचे आजोबा बोलायचे कमी, म्हणून बापूंच्या हिशेबात त्यांची रिकव्हरी तालुक्यात सर्वांत जास्त होती. माझी किती, हे विचारण्याची हिंमत मी कधी केली नाही.

दुसरा शब्द ब्रिक्स. उसाच्या रसाचा गोडवा ज्यात मोजतात ते माप. कारखान्यात त्यासाठी हातात धरायचं दुर्बिणीसारखं एक यंत्र असतं. त्यावर रसाचा थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. टाकी नवी होती तेव्हा बापूंनी समुद्राचा खारटपणाही त्याच यंत्रावर वाचला. कित्येक दिवस ते त्या आकड्याप्रमाणे मीठ घालत होते. मग सुरतच्या माशांच्या दुकानात फोन केला आणि पाण्याचा ब्रिक्स सांगितला. दुकानदार म्हणाला, "काका, ये मछली है, गन्ना नहीं." आता खारटपणाचं वेगळं यंत्र आलं आहे. पण बापू आकडा वाचून अजूनही म्हणतात, "आज समुद्रना ब्रिक्स चढना."

एकदा मुलाने त्यांना सुरतजवळ खरा समुद्र दाखवायला नेलं. सगळे पाण्यात पाय भिजवत होते. बापूंनी बोट बुडवून चव घेतली, बराच वेळ दगडांवरची हिरवळ न्याहाळली आणि परत येऊन मला सांगितलं, "एवढा मोठा समुद्र वहिनी, याले निंदस कोण?"

टाकी बापूंनी हौसेने आणलेली नाही. त्यांच्या पत्नी, आमच्या कुसुमवहिनी, शेवटी अंथरुणाला खिळल्या होत्या. विशाल, म्हणजे त्यांचा मुलगा, सुरतेला नोकरी करतो. त्याच्याकडे अशी टाकी होती. आई दिवसभर पंख्याकडे बघत पडते हे त्याला सहन होईना, म्हणून टेम्पोत घालून टाकी इथे आणली आणि तिच्या पलंगासमोर लावली. पाच मासे होते. बापूंनी त्यांना कारखान्यातली पदं दिली. पिवळा मोठा मासा डौलात फिरायचा आणि काही करायचा नाही, तो चेअरमन. निळा तो साहेब. वाळू उकरत दगडाखाली बसणारा शिपाई. आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या दोघांना कुसुमवहिनी पाव्हणे म्हणायच्या, कारण ते एका कोपऱ्यात अवघडून उभे असायचे.

आजारी माणसाला भेटायला लोक येतात तेव्हा काय होतं हे तुम्ही अजून पाहिलेलं नाही. कसं वाटतं, असं विचारतात, आणि मग त्यांना पुढे काय बोलावं हे कळत नाही. चहाची वाट पाहत ते भिंतीकडे बघतात. कुसुमवहिनींना त्या माणसांचीच कीव यायची. मग त्या उशाशी ठेवलेला माशांच्या खाण्याचा डबा पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "घाला चिमूटभर. भुक्या शेत त्या." माणूस हलका व्हायचा. उठून चिमूट टाकायचा, मासे वर यायचे, आणि बोलायला काहीतरी मिळायचं.

कुसुमवहिनी गेल्या. डबा राहिला, आणि पद्धतही राहिली. बापूंच्या घरी आलेला माणूस चहा न घेता जाऊ शकतो, पण चिमूट न टाकता जाऊ शकत नाही. दूधवाला टाकतो. गॅसचं सिलिंडर आणणारा टाकतो. शाळा सुटली की गल्लीतल्या मुली रांगेने टाकतात. निवडणुकीत मत मागायला आलेल्या दोन्ही पक्षांनी टाकली.

मग शेवाळ आलं. आधी काचेवर तपकिरी धूळ बसली. मग वाळूवर लाल साय धरली. आणि शेवटी दगडांवर हिरवे लांब केस उगवले, ते पाण्याच्या धारेबरोबर हलायचे. दिसायला ते वाईट नव्हतं, पण त्यात मासे दिसेनासे झाले आणि सकाळी ते पाण्याच्या वर तोंड काढून श्वास घेऊ लागले.

उपाय सांगायला सगळं गाव आलं. बोअरच्या पाण्यात शेतातल्या खताचा अंश उतरतो, म्हणून पाणी गाळायचं मशीन बसवलं. खिडकीतून ऊन येतं, म्हणून जाड पडदा लावला आणि घरात दुपारी दिवा लावून बसायची वेळ आली. एका मास्तरांनी मोरचूद सुचवलं. दगाभाऊंनी दोन टोपणं तणनाशक मारायला सांगितलं. "मन्हा मासा बी मरी," असं बापू म्हणाले, तर दगाभाऊ म्हणाले, "मंग शेवाय बी मरी. तुले काय पाहिजे ते आधी ठराव."

सुरतच्या दुकानदाराने शेवाळ खायला टाकीत गोगलगायी सोडा असं सांगितलं. त्या ट्रॅव्हल्सच्या गाडीने थर्मोकोलच्या खोक्यात आल्या. त्याच दिवशी दगाभाऊ आलेले होते. त्यांनी खोक्यात डोकावून बघितलं आणि त्यांच्या तोंडातला घास तसाच राहिला. "आम्ही वावरमा गोगलगाय माराले औषध टाकतस, आन् तू ईकत लई उना?"

"या खाऱ्या पाणीन्या शेत," बापू म्हणाले.

"खाऱ्या काय, गोड काय. गोगलगाय ती गोगलगाय. आपला बाप वर देखी ऱ्हायना, एवढं ध्यानमा ठेव."

आता शेवाय या शब्दाबद्दल. आमच्या खान्देशात बोलताना ळ चा य होतो. काळा तो काया, डोळा तो डोया, आणि शेवाळ म्हणजे शेवाय. एकदा संध्याकाळी बापू सुरतेला फोन लावून ओरडत होते, कारण पलीकडे ऐकू जात नव्हतं. "शेवाय, शेवाय. गंज शेवाय व्हयनी शे." मागच्या गल्लीतल्या सिंधूबाईंनी ते खिडकीतून ऐकलं. आमच्याकडे उन्हाळ्यात बायका शेवया करून ठेवतात, त्यांना बोलताना शेवाया म्हणतात. सिंधूबाईंना वाटलं, कुसुम गेल्यापासून बापूंना कुणी शेवया करून घातल्या नाहीत आणि आता बिचारे मुलाकडे फोनवर शेवया मागत आहेत. तासाभरात त्या तूपसाखर घातलेल्या शेवयांची ताटली घेऊन आल्या. मी तिथेच होते.

"बापू, मुंबई-सुरतले कशाले फोन करतस? आम्ही काय मरी गऊत का?"

बापूंनी ताटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर त्यांनी डोळ्यांनी मला गप्प केलं. खुर्चीत बसून त्यांनी सगळ्या शेवया खाल्ल्या, ताटली धुवून दिली आणि डबा पुढे केला. सिंधूबाईंनी भरघोस चिमूट टाकली. त्यानंतर त्या अधूनमधून शेवया आणत राहिल्या. शेवाळही वाढत राहिलं.

आधी साहेब गेला. मग शिपाई दगडाखालून बाहेर आलाच नाही. मग पाव्हण्यांपैकी एक. चेअरमन गेला तेव्हा बापूंनी त्याला लिंबाच्या आळ्यात पुरला आणि म्हणाले, "आयुष्यमा पहिल्यांदा कोनाले तरी उपयोगी पडना." पण आवाज नेहमीचा नव्हता.

राहिला एक नारिंगी पाव्हणा. विशालने फोनवर सरळ सांगितलं. मी स्पीकरवर ऐकलं. "बाबा, हा आहे तोवर ठीक. हा गेला की टाकी विकून टाका आणि इकडे या. एकटं तिथे राहायला कारण काय आता?" मुलगा चांगला आहे, त्याचं चुकत नव्हतं. सुरतेला त्याचा फ्लॅट नवव्या मजल्यावर आहे. बापू तिथे एकदा राहून आले आहेत. मी विचारलं होतं, कसं आहे. म्हणाले, "घर झकास शे. दार वाजत नही."

म्हणजे माशाबरोबर बापूंचं शहादाही जाणार होतं. तेव्हा मी प्रकरण हातात घेतलं. आयुष्यभर मी मुलांच्या निबंधातल्या चुका शोधत आले, टाकीतली चूक शोधणं काही वेगळं नव्हतं. टॅबवर इंग्रजीतलं जे सापडलं ते वाचलं. सगळे एकच सांगत होते. पाण्यात खाणं जास्त पडतं, मासे खाऊन उरतं, ते कुजतं, आणि त्यावर शेवाळ पोसलं जातं. मग मी एक दिवस बापूंकडे विणकाम घेऊन बसले आणि दाराकडे पाहिलं. एक मासा, आणि त्याला जेवू घालायला आलेली सबंध आळी.

दुसऱ्या दिवशी मी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, "कृपया माशाला खाणे घालू नये," आणि पाटी काचेवर चिकटवली. डबा माझ्या घरी आणून ठेवला. सकाळी मोजके दाणे मी स्वतः टाकायचे. बापूंनी पाटी वाचली. म्हणाले, "वहिनी, अक्षर चांगलं शे."

उपाय लागू पडला. हिरवे केस पिवळे पडले, सुटले, गोगलगायींनी उरलेलं खाल्लं. काच अशी स्वच्छ झाली की टाकीत पाणी आहे की नाही हे हात लावून बघावं. पाव्हणा मध्यभागी येऊन पोहू लागला. विशालला फोटो पाठवला, त्याने अंगठा पाठवला. मला मनापासून समाधान वाटलं, हे मान्य करायला हवं.

मुली आल्या, पाटी वाचली, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या. दूधवाला दारातूनच दूध देऊन जाऊ लागला. मास्तर एकदा आले, "अरे वा, झालं का साफ," म्हणाले, बसले नाहीत. दगाभाऊंनाही बोलायला काही उरलं नाही. ते बाजाराला येऊन परस्पर एसटी स्टँडवर जाऊ लागले. सिंधूबाईंच्या ताटल्या थांबल्या, कारण बापूंचा फोनवरचा आरडाओरडा थांबला होता.

एका संध्याकाळी मी गेले तर बापू टाकीसमोर बसलेले होते. रविवार होता, पण डोक्याला पंचा नव्हता. मी म्हणाले, "बापू, बघा, शेवटी कारण खाण्यातच होतं. हे आधी कळलं असतं तर चेअरमन वाचला असता."

त्यांनी खुर्ची टाकीकडे सरकवली. मग म्हणाले, "वहिनी, मी लॅबना मानूस. पाणी तपासाले मले काय येत नही? पहिली शेवाय दिसनी, तवयच मी तपासं. चिमूटनं शे, मले मालूम व्हतं."

"मग सांगितलं का नाही?"

"कोनाले सांगू? पोरीस्ले सांगू, येऊ नका?" त्यांनी काचेवरून बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. "शेवाय शे, तं मानूस उपाय सांगाले येस. बठस. चूक सांगस, पन बठस. पाणी साफ शे, तं कोन काय सांगी?"

मी म्हणाले, मासा मेला असता. ते म्हणाले, "हां. ते बी शेच."   चेअरमनचं, साहेबाचं जे झालं ते त्यांनी जाणून होऊ दिलं होतं, आणि ते त्यांना डाचत होतं, एवढं मला दिसलं. 

घरी येऊन मी पुन्हा टॅब उघडला. नीट शोधल्यावर एक वाक्य सापडलं. खाणं कमी करता येत नसेल तर पाणी जास्त वेळा बदलावं. आधी ते मी वाचून सोडून दिलं होतं, कारण त्यात कष्ट फार होते.

सकाळी मी पाटी काढली. गोंद काचेला राहिला, तो लिंबू लावून घासला. डबा परत नेऊन ठेवला, मात्र त्याच्या तोंडाला मेणकापड बांधून भोक इतकं लहान ठेवलं की चिमटीत दोनतीन दाणेच येतील. बापूंनी ते पाहिलं आणि म्हणाले, "रिकव्हरी कमी करी टाकी."

आता आठवड्यात दोनदा आम्ही समुद्र बदलतो. मशीनचं गाळलेलं पाणी बादल्यांत भरायचं, मीठ कालवायचं, ढवळायचं, यंत्रावर बघायचं, नळीने जुनं काढायचं, नवं हळूहळू ओतायचं. जुनं पाणी खारट, झाडांना चालत नाही, म्हणून गटारीपर्यंत न्यावं लागतं. बापूंचा गुडघा वाकत नाही, माझा खांदा वर जात नाही, म्हणून दोघं मिळून एक बादली उचलतो. निहार, तू फोनवर पाहिलीस ती हीच बादली. पाठ दुखते. दुपारी पडलं की उठवत नाही. तुमची आई म्हणते, कुणीतरी माणूस लावा. बापू म्हणतात, माणूस बादली उचलून निघून जातो, बसत नाही.

शेवाळ परत आलं आहे, पूर्वीइतकं नाही. उपाय सांगणारेही परत आले आहेत. परवा दगाभाऊंनी टाकीत बदकं सोडायला सांगितली. सुरतेला राहायला जाण्याबद्दल बापूंनी विशालला काही कळवलेलं नाही; मासा आहे, एवढंच सांगतात.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर. टाकीत आज एक नारिंगी मासा आहे, चार गोगलगायी आहेत आणि शेवाळ आहे. बापू शहाद्यात आहेत.

तुमची
आजी